पट पाच

आज शाळा सुरू झाली म्हणून सकाळी वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन आलो. पहिली ते चौथी मिळून पट पाच. बाईंनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पहिलीत एकच मुलगी, तीही कर्नाटकातून गवंडीकामाला आलेल्या जोडप्याची. येताना टपरीवर एक गृहस्थ म्हणाले, "धाविक कोकण बोर्ड दरवर्सा पयलो येता मां? मगे ही पाच पोरांची शाळा बंद पडली तर बिघाडला खय?"

तिथे गप्प बसलो. आता बसवत नाही.

येतो ना पहिला! २०२५ ला ९८.८२ टक्के. पण ती दहावीची पोरं पहिलीला कुठे बसली होती? त्यातली कितीतरी असल्याच दोन खोल्यांच्या चिऱ्याच्या शाळेत. झाडाच्या मुळावर कोयता घालायचा आणि वर फणस मोजत बसायचं.

मी दुसरीत असताना भर शाळेच्या वेळी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, हौर आला. साकव तेव्हा माडाच्या दोन ओंडक्यांचा, तो वाहून गेला. गुरुजींनी धोतर खोचलं आणि एकेकाला खांद्यावर घेऊन आम्हा अकरा पोरांना पलीकडे पोचवलं. मी शेवटचा. त्यांचे पाय थरथरत होते ते मला वर बसून कळत होतं.

आता शाळा गेली की ही पाच जणं केंद्रशाळेत जाणार, साडेतीन किलोमीटर. मध्ये तोच व्हाळ. साकव सिमेंटचा झाला, पण जुलैत त्याच्यावरूनही पाणी जातं. प्रवासभत्ता देऊ म्हणतात. पावसात आमच्या वाडीत रिक्षा येते का, हे बघायला कोण आलंय?

पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं राज्याच्या नियमांतच आहे. त्याच नियमात वीस मुलांची अट आहे, माहीत आहे मला. पण जिथली निम्मी घरं गणपतीलाच उघडतात, तिथे वीस मुलं आणायची कुठून? २०१७ ला दहाच्या आतल्या पटाच्या साधारण १,३०० शाळा बंद करायचं ठरलं, २०२३ ला वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूहशाळा. नाव नवं, कुलूप तेच.

पाच पोरांत धड लंगडीसुद्धा होत नाही, हे कबूल.

आणि सगळा राग सरकारवर काढला तर ते खोटं होईल. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी पिवळ्या बसने इंग्लिश मिडियमला जाते. वहिनी म्हणाली, "भावजी, तिथे वर्गात पंचवीस मुलं आहेत. इथे ती बोलणार कोणाशी?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

बाईंना विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही असाल ना? त्या म्हणाल्या, "समायोजनाची यादी लागली की कळेल."

परतताना व्हाळावर त्या पहिलीतल्या मुलीचा बाप भेटला. शाळा लांब गेली तर पावसात काय करशील, विचारलं. म्हणाला, "खांद्यावरून नेईन की." मग थोडं थांबून म्हणाला, "पण खाडा झाला की सातशे रुपये जातात, साहेब."