सोलापूरला समुद्र कुठंय?

गेल्या रविवारी मामांशी फोनवर वाजलं. विषय साधा होता. मी म्हणलं, यंदा आमचं रीफ, म्हणजे इथं ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातली प्रवाळाची ती भलीमोठी रांग, ग्रेट बॅरियर रीफ, कसं राहतंय काय की, तर मामा लगेच, "आमचं? तुझं कधीपासनं झालं ते? आणि सोलापूरला समुद्र कुठंय गं, प्रवाळ मेलं काय जगलं काय, आम्हाला पाणी चार दिवसाआड येतंय ते बघ आधी." वर पुन्हा, "चव्वेचाळीस डिग्रीत आम्ही जन्म काढला. एक डिग्रीनं मरायला ते काय मेणाचंय?"

तेव्हापासनं डोक्यातनं जाईना. कारण खरंच एका डिग्रीनंच मरतं.

मामांची आख्खी हयात पूर्व भागात सुताच्या धंद्यात गेली, म्हणून प्रवाळाचं 'ब्लीचिंग', म्हणजे पांढरं पडणं, म्हणलं की त्यांच्या डोळ्यासमोर डाइंगमधली टाकी येते, कुणीतरी केमिकल ओतलंय असं वाटतं. तसं नाहीये. प्रवाळ हा प्राणी आहे, चिमुकल्या पॉलिपांची वसाहत. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला लागतं त्यातलं बरंचसं, कधीकधी नव्वद टक्क्यांपर्यंत, तेच पुरवतं. रंगसुद्धा बहुतेक त्या शेवाळाचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा पाणी एखाद डिग्रीनं वर गेलं आणि चार-सहा आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचं काम बिघडतं, विषारी ऑक्सिजन तयार व्हायला लागतो आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतं. मग खालचा चुन्याचा सांगाडा पांढराफेक दिसतो. लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं, नाही झालं तर संपलं.

मी हे बघितलंय. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या टाउन्सव्हिलसमोरच्या मॅग्नेटिक आयलंड बेटावर गेलो होतो, जेफ्री बेला. जेलीफिशपासनं वाचवणारा स्टिंगर सूट चढवून पाण्यात शिरले तर गारवाच लागला नाही, हीटर लावून विसरलेल्या बादलीत हात घातल्यासारखं कोमट. आणि खाली पांढरं. डाइंगच्या बाहेर बांबूवर बिनरंगाच्या लडी वाळत घालतात ना, ओळीनं, अगदी तशा फांद्या. मधेच एखादी जर्द निळी, गुलाबी, अशी झगझगीत की माझी मुलगी म्हणाली किती सुंदर. मी गप्प बसले. काही प्रवाळं तापल्यावर असा रंग काढतात, अंगातलं उन्हापासनं वाचवणारं प्रोटीन असतं ते. पाच आठवड्यांनी पुन्हा गेलो तर त्याच फांद्यांवर मळकट हिरवी लव आली होती. हातरुमालावर बुरशी येते तशी.

मामांनी एक बातमीही तोंडावर मारली, की २०२२ ला तुमच्या रीफवर विक्रमी प्रवाळ होतं म्हणे, मग रडता कशाला. बातमी खोटी नाही. आमच्या टाउन्सव्हिललाच ती मोजणी करणारी सरकारी संस्था आहे, चाळीसेक वर्षं मोजतेय, आणि २०२२ ला उत्तर आणि मधल्या भागात खरंच उच्चांक होता. पण तो मुख्यतः भराभर वाढणाऱ्या एका प्रवाळजातीचा, अ‍ॅक्रोपोराचा, आणि तापल्यावर पहिलं मरतं तेही तेच. २०२५ चा अहवाल काय म्हणतो तेही सांगा ना मग, उत्तरेत जिवंत प्रवाळ एका वर्षात ३९.८ टक्क्यांवरनं ३० वर. सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि इथं ब्लीचिंग झालं २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५ ला. श्वास घ्यायला फुरसत कुठंय?

आणि हे फक्त ऑस्ट्रेलियाचं नाही. २०२४ ला लक्षद्वीपमध्येही प्रवाळ पांढरं पडलं. मालवणजवळ प्रवाळ आहे, विजयदुर्गापासनं आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. आपल्या कोकणाच्या दारातलं प्रवाळ, आणि पोवळ्याची अंगठी मंगळासाठी बोटात घालणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही याचं मला वाईट वाटतं. (ते पोवळं भूमध्य समुद्रातलं, वेगळ्या जातीचं, तो मुद्दा वेगळा.) कोळसा, तेल जाळून वाढलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्र गिळतोय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर मामांनीच मला व्हिडिओ कॉलवर दाखवला, माढ्याकडची शेतं, गुरं, छातीएवढं पाणी. एका पुराचं खापर समुद्रावर फोडता येत नाही हे मलाही कळतं, पण तापलेल्या समुद्रावरनं बाष्प जास्त येतं हे तरी खरं आहे ना? मग सोलापूरला समुद्र नाही असं कसं म्हणता?

मला खरं चिडायला होतं ते सोलापूरजवळच्या नान्नजमुळं, तिथल्या माळढोक अभयारण्यामुळं. शाळेत असताना सहलीला नेलं होतं तेव्हा मी माळढोक बघितलाय, गवतातनं मान वर काढून चालणारा, सरांनी आम्हाला बसमध्ये श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला होता. १९७९ ला झालेलं ते अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, नंतर १,२२२ वर आणलं. आमच्या घरात तेव्हा कायम हेच, एका पक्ष्यासाठी जमीन विकता येईना. मामांची चार एकर त्यात अडकली होती, त्यांचा रागही काही खोटा नव्हता. पण आता पक्षी दिसतच नाही म्हणल्यावर, आता अभयारण्य तरी कशाला, असं तेच म्हणतात. माझ्या भाचीनं माळढोक फक्त फळ्यावर बघितलाय. इथं निदान बोटीवर चढताना माणशी रीफचा पैसा कापून घेतात आणि कुणी कुरकुरत नाही. प्रवाळावर पाय पडला तर अनोळखी माणूससुद्धा हटकतो. आपल्याकडं हटकलं तर "तुझ्या बापाचं आहे का?"

हे मी मामांना बोलून दाखवलं. ते म्हणले, "तू तिकडनं बोलणार, पाणी आम्ही भरतो." पंधरा वर्षं झाली मला येऊन. त्यावर मला उत्तर आलं नाही. मे महिन्यात रात्री दोनला उठून पिंप भरलेली मीच, आता नळ सोडला की पाणी येतं आणि मी प्रवाळासाठी रडते, हे त्यांना कसं वाटत असेल? सोलापुरात गेले की मी ऑस्ट्रेलियावाली, इथं हॉस्पिटलात माझ्या नावाचे दोन तुकडे करून हाक मारतात. रीफला आमचं म्हणते कारण तिथं पाण्यात मला कुणी विचारत नाही तू कुठली. पण नान्नजचा माळ बघितला की घशात जसं येतं तसं रीफवर अजून येत नाही, हेही खरंच.

आणखी एक आहे. आमचे हे मोरानबाच्या खाणीवर डिझेल फिटर आहेत, सात दिवस तिकडं, सात दिवस घरी. स्टीलसाठीचा कोळसा, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक आपलाच देश. ते जहाज रीफमधनंच बाहेर पडतं. जुळे सोलापुरातला आईचा फ्लॅट त्याच पगारातनं झाला. मामा दरवेळी विचारतात, जावईबापू नेमकं काय करतात गं? मी म्हणते, मशीनचं काम. या रविवारीही तेच म्हणले, आणि मग घाईघाईनं विचारलं, पाणी आलं का आज.