दुबईला पाठवून माणूस सुधारत नाही

चोपड्याला आमच्या घरी रात्रीची मालिका संपली, की कुटुंबाच्या ग्रुपवर वाद पेटतो. सध्याचा विषय मालिकेतला धाकटा दीर. भावाची खोटी सही करून त्याने शेत गहाण टाकलं, आळ वहिनीवर आणला, आणि आता प्रोमोत तो रडताना दिसतोय. आत्याचा निकाल ठाम आहे: "त्याले काढी टाका!" चुलतभाऊ म्हणतात, दुबईला पाठवा, लीप घ्या, म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे न्या, सुधरून येईल.

मला दोन्ही पटत नाही, दुसरं तर मुळीच नाही. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. इथे मला कोणी ओळखत नाही, माझ्या घराण्याचं काही कोणाला माहीत नाही, कोणाचं तोंड चुकवावं लागत नाही. अशा ठिकाणी चांगलं वागायला फार काही लागत नाही. ज्यांचं नुकसान केलं ती माणसंच समोर नसतात!

वेस्ली विंडम-प्राइस हे पात्र मला म्हणूनच मोलाचं वाटतं. १९९९मध्ये 'बफी द व्हँपायर स्लेअर' या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या पर्वात हा इंग्रज आला. पुस्तकी, भित्रा आणि वर हुकूम सोडणारा. त्यातून नायिका बफीच्या गुरूच्या, लाडक्या जाइल्सच्या जागी आलेला. प्रेक्षकांच्या डोक्यातच गेला. पुढे नोकरी गेली आणि त्याच वर्षी तो 'बफी'तूनच निघालेल्या 'एंजल' मालिकेत, लॉस एंजलिसला उगवला. अंगात लेदर, बुडाखाली मोटरसायकल, तोंडी फुशारकी. गाव बदललं, कपडे बदलले, माणूस तोच.

तो खरा बदलला २००२ पासून. बाप मुलाला मारणार, असं भाकीत वाचून तो मित्राचं तान्हं बाळ कोणाला न सांगता उचलून नेतो. भाकीत बनावट निघतं. त्याचा गळा चिरला जातो, बाळ शत्रूच्या हाती पडतं, आणि बाळाचा बाप, म्हणजे नायक एंजल, दवाखान्यात येऊन त्याच्या तोंडावर उशी दाबतो. सगळे मित्र तोंड फिरवतात. पुढच्या पर्वाच्या पहिल्याच भागात एंजल समुद्राच्या तळाशी पेटीत कोंडलेला आहे. बोट घेऊन त्याला शोधतो तो वेस्लीच. एंजल पडला व्हँपायर. सोबत आणलेलं जनावराचं रक्त पुरत नाही, तेव्हा हा स्वतःचा हात कापून त्याच्या तोंडाशी धरतो. मग त्याला त्याच्या माणसांच्या हवाली करतो आणि निघून जातो. त्या रात्री ना हा माफी मागत, ना कोणी देत. गळा चिरणाऱ्या बाईला त्याने कपाटात डांबून ठेवलंय, हेही लेखक लपवत नाहीत. २००४मध्ये शेवटच्या भागात तो लढता लढता मरतो, तेव्हा त्याला नायक म्हणायला मन कचरत नाही.

वेळ कुठे आहे, असं आपल्याकडे म्हणतात. 'एंजल'चे पाच पर्वांचे मिळून ११० भाग. आठवड्याला सहा या हिशेबाने आपल्या मालिका तेवढे सव्वाचार महिन्यांत करतात. दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे लेखकाला धीर धरू देत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मग लीपनंतर नवे कपडे घालून आलेल्या दिराला सुधारलेला म्हणू नका.

त्याला घरातच ठेवा. मालिका खानदेशातल्या घराची आहे ना? मग श्रावणात कानबाई देवीचा सण येईलच. प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने गहू मोजतात आणि रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. याच्या वाट्याचे गहू घ्यायचे की नाही, हे त्या वहिनीला ठरवू द्या, त्याच्यासमोर. पुढचे शंभर भाग तिथून लिहा; आत्याही बघेल.