एसीत बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

दर्यावर्दी (टोपणनावाने लिहिता, म्हणून हाकही त्याच नावाने),

दूतावासांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी चूक कबूल. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठीचं परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल 2015 साली सुरू झालं, मी 2016 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य : 'दूतावासातल्या कारकुनांना माणुसकीचं प्रशिक्षण द्या, हे पुण्यात एसीत बसून लिहायला काय जातं!' आमच्याकडे एसी नाही, पण ते असो.

अकरा वर्षं आखातात हिशेबनीस होतो मी. 2012 ची गोष्ट. आपल्या एका दूतावासात पासपोर्टचं टोकन घेऊन बसलो होतो. माझ्यापुढे रत्नागिरीकडची एक बाई, घरकामाला आलेली. पायात दोन वेगळ्या चपला; पहाटे मालकाच्या घरातून निघताना अंधारात हाताला लागल्या त्या. काचेमागून हिंदीत प्रश्न आला, 'पासपोर्ट नंबर?' मालकाकडे आहे, म्हणाली. 'म्हणजे पळून आलात?' हे माइकवरून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. तिने डावा हात ओढणीखाली घेतला. त्यावर इस्त्रीचा चटका होता, हे मला नंतर कळलं. खिडकीवर ती पुढे एक अक्षर बोलली नाही.

तो कारकून दुष्ट नव्हता हो. दिवसभर फॉर्म तपासणाऱ्याला फॉर्मच दिसणार. अशा बाईला आधी आत नेऊन बसवायचं, पासपोर्टचं नंतर, पहिल्यांदा 'आज रात्री कुठे राहणार?' हे विचारायचं, एवढं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे. अडलेल्यांची राहायची सोय, परतीचं तिकीट त्यातून करता येतं. आपण दूतावासात जे शुल्क भरतो, त्यावरच्या छोट्याशा आकारातून तो जमतो. म्हणजे पैसा होता, नियम होता. तिला ते कळलं बाहेरच्या पायरीवर, माझ्याकडून. अर्जही मीच लिहून दिला. याला तुम्ही एसी म्हणत असाल तर म्हणा.

बाकी कर्मचारी कमी आहेत, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, तिथला कायदा आपल्या हातात नाही, वगैरे वगैरे. माहीत आहे सगळ्यांना. माझा लेख त्यावर नव्हताच. शेवटपर्यंत वाचला असतात तर कळलं असतं.

आणि एक राहिलं. मी कुठे बसून लिहितो त्याची एवढी चौकशी केलीत; तुम्ही स्वतः त्या हॉलमध्ये टोकन घेऊन कधी बसलात, ते नाही लिहिलंत.