'व्हिटल' म्हणजे नक्षी कोरणे नव्हे : एक खुलासा

"इंग्रजीतील 'व्हिटल' म्हणजे लाकडावर नक्षी कोरणे" हा मीच आमच्या ठाण्यातील वाचनकट्ट्याच्या गटावर पाठवलेला आणि आता वाशीपर्यंत फिरणारा संदेश चुकीचा आहे. शब्दकोश पुन्हा पाहिल्यावर ध्यानात आले की, चाकूने बारीक ढलप्या काढत लाकूड तासणे हा त्याचा मूळ अर्थ असून, हा शब्दच मुळी 'थ्विटल' या चाकूच्या जुन्या इंग्रजी नावावरून आला आहे. म्हणूनच 'व्हिटल डाउन' म्हणजे सजवणे नव्हे, तर थोडेथोडे करून कमी करत आणणे. जसे, १०० अर्जांची छाननी करत शेवटी १० ठेवणे. (ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे आधीच सुचायला हवे होते.) जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये, ज्यांनी पाठवला असेल, त्यांनी हा खुलासाही तेथेच द्यावा.