दुसऱ्या बाळंतपणाचा बाऊ? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा महिना चालू आहे आणि दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या कळांवरचा आणि दिवसांवरचा माझा लेख वाचून ती घाबरली, असं तुम्ही लिहिलंय. दुसरेपण सोपं असतं, सरावलेल्या बाईनं त्याचा एवढा बाऊ करू नये; तुमच्या सासूबाईंची आठ बाळंतपणं घरातच झाली आणि दरवेळी आठवड्याच्या आत त्या शेतात गेल्या; आणि माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी थोरल्या मुलीला आजोळी पाठवायला हवं होतं, असंही तुमचं म्हणणं आहे. काही वाचक यावरून तुमच्या अंगावर आले, ते मला आवडलं नाही. सुनेची काळजी वाटली म्हणूनच तुम्ही लिहिलंत. म्हणून सविस्तर उत्तर देते.

बाळ लवकर होतं हे तुमचं खरं आहे. गर्भपिशवीचं तोंड उघडायला पहिल्या खेपेला जेवढा वेळ लागतो, त्याहून दुसऱ्या खेपेला बहुधा बराच कमी लागतो. पण त्यामुळेच निघायला उशीर होतो. मागच्या वेळी अख्खी रात्र कळा दिल्या होत्या, आताही लागेल तेवढा वेळ, असं घरातले धरून चालतात. आमच्याकडून दवाखान्याला जायचं म्हणजे मध्ये घाट. मी कळा अंगावर न काढता लगेच निघायचं म्हटलं तेव्हा घरात कुणाला पटलं नव्हतं. पोहोचल्यावर केसपेपर काढून होईतो धाकटी जन्माला आली होती. तेव्हा सुनेच्या बाबतीत कळा नेमानं यायला लागल्या की गाडी काढा. पाणी गेलं तर कळांचीही वाट पाहू नका.

माझा लेख मात्र त्या काही तासांबद्दल नव्हता. तो पुढच्या दिवसांबद्दल होता, आणि ते दिवस दुसऱ्या वेळी जास्त जड जातात. बाळ अंगावर प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन सुटतं. त्यानं दूध उतरतं आणि त्याच वेळी पिशवी आवळते. पहिलटकरणीची पिशवी आवळलेलीच राहते, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती सैल पडते, पुन्हा आवळते, पुन्हा सैल पडते. त्याच या बाळंतपणानंतरच्या कळा. पहिले दोन-तीन दिवस बाळाला छातीशी धरलं की मला पलंगाची कड घट्ट धरून बसावं लागायचं. पहिल्या बाळंतपणात हे मला जवळजवळ जाणवलंच नव्हतं. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दुसरी वेळ ना? तुम्हाला माहितीच असणार." कुठून माहिती असणार? या कळा म्हणजे पिशवी मूळच्या आकाराला येत असल्याची खूण आहे. लघवी तुंबू दिली नाही तर त्या कमी होतात. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली तर दूध पाजणाऱ्या आईला ती चालते. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या रात्री घाबरून काढल्या नसत्या. तुमच्या सुनेला हे आत्ताच कळलेलं बरं, काकू. अचानक दुखलं म्हणजे माणूस जास्त भितो.

'तुला माहितीच आहे' हे दुसऱ्या बाळंतपणात सगळीकडून ऐकू येतं, आणि त्याबरोबर एकेक गोष्ट कमी होत जाते. पहिली खेप माहेरी: आई उशाशी, बाळाला अंघोळ घालायला मावशी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा, सगळं जागेवर. दुसरी खेप बऱ्याच घरांत सासरी होते. मावशी कशाला, तुला येतं की सगळं. काढा राहून जातो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कणीक पुढ्यात येते. बाळाला कसं धरायचं हे बाईला ठाऊक असतं, पण त्यानं तिचं रक्त जायचं थांबत नाही की टाके लवकर भरत नाहीत. उलट पहिल्या खेपेत तिला बाळ झोपलं की झोपता येत होतं. आता बाळ झोपतं तेव्हा थोरलं उठलेलं असतं.

तुमच्या सासूबाईंबद्दल मला आदर आहे. पण त्या आठवड्यात शेतात गेल्या त्या आपल्या मर्जीनं, असं तुम्हीही लिहिलेलं नाही. बायकांनी अंगावर काढलेल्या दुखण्यांचं काय झालं, हे आपल्याला गडचिरोलीतून कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासून घेतलेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे बहुतेक जणी दुखणं घेऊनच राबत होत्या आणि घरचे म्हणत होते, आमची बाई धडधाकट. अंग (गर्भपिशवी) बाहेर येण्याचा त्रास किती आज्यांनी कुणाला न सांगता काढला, ते तुमच्या पिढीला माझ्याहून जास्त माहीत आहे. ओल्या बाळंतिणीनं भरलेल्या घागरी आणि भारे उचलण्याचा त्याच्याशी संबंध असतो.

आणि ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी उरलं नाही. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. हा आकडा खाली आला तो दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांमुळे, रक्त वेळेवर मिळाल्यामुळे, गाडी वेळेवर आल्यामुळे. बायका पूर्वी कणखर होत्या आणि आता नाजूक झाल्या, असा त्याचा अर्थ लावता येत नाही.

परंपरेचं म्हणाल तर मी तिच्याच बाजूनं बोलतेय. सव्वा महिना बाळंतिणीनं कामाला हात लावायचा नाही, हे आपल्याच जुन्या बायकांनी ठरवलेलं. डॉक्टर सहा आठवडे सांगतात, आशाताईंची घरभेट बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असते. सगळ्यांचा हिशेब जवळपास एकच. यात पहिलं-दुसरं असा भेद कुणी केलेला नाही. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन्ही बाळांसाठी सारखीच २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मग घरातच भेद का? जुन्यातलं काही मात्र मी मुद्दाम सोडलं. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी नाही, कारण कोंडलेल्या खोलीत त्यातल्या विषारी वायूनं जीव जाऊ शकतो. सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज गुटी नाही, पाणी नाही. आणि वर्षभर मधाचं बोटही नाही.

आता थोरलीबद्दल. तिला आजोळी पाठवावं असं घरात बऱ्याच जणांचं मत होतं. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीनं दाराबाहेर जायचं आणि परत येऊन बघायचं तर आईच्या कुशीत दुसरंच कुणीतरी! तिच्या मनाला काय वाटेल? ती घरी राहिली. चिडली, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली, मला चिकाचं दूध पाजताना बघून "मला पण" म्हणाली. पण तिला सांभाळलं ते माझ्या सासूबाईंनी. पाय पसरून त्या बाळाला पायांवर अंघोळ घालायच्या, तेव्हा थोरली शेजारी कपडे काढून उभी. पहिल्या दिवशी वाटलं, आता ओरडा बसणार. सासूबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि हिला पायांवर घेतलं. हिच्या टाचा मोरीपर्यंत लोंबत होत्या. तशाच तिला तेल लावलं, टाळूवरही घातलं, उटण्यानं चोळलं. ती हट्ट सोडेपर्यंत हे रोज चाललं. मला त्या दिवसांत सगळ्यात मोठा आधार मिळाला तो हा. तुमच्या घरातलं हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही, काकू. नातवाला आजोळी धाडू नका, तुमच्या पायांवर घ्या.

आणि सुनेसाठी एवढं लक्षात असू द्या. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी जात असतील, चक्कर येत असेल, ताप किंवा घाण वास असेल, पोटरी सुजून दुखत असेल, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर 'दुसरी वेळ आहे, होतं असं' म्हणू नका. १०८ ला फोन लावा. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तरी डॉक्टरांकडे न्या. तिच्या मनात आणखी काही शंका असतील तर तिला थेट मला लिहायला सांगा, मी उत्तर देईन.