लोणच्याच्या खाराने दारू कमी चढत नाही

व्हिस्कीचा शॉट मारायचा आणि लगेच काकडीच्या लोणच्याचा खार घोटायचा, याला 'पिकलबॅक' म्हणतात. त्याबद्दल फिरणारा दावा असा: ही आयर्लंडची जुनी परंपरा आहे, खारामुळे दारू कमी चढते आणि सकाळी हँगओव्हर येत नाही. मला पिकलबॅक मनापासून आवडतो, म्हणूनच हे खटकतं.

परंपरेचं आधी उरकू. हे नाव पडलं २००६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या 'बुशविक कंट्री क्लब' या बारमध्ये. सोबतची व्हिस्की होती ओल्ड क्रो, म्हणजे अमेरिकन बर्बन. खार पिण्याची जुनी रीत रशियात आहे, पण तो तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पितात.

'कमी चढते' हे मात्र धोक्याचं आहे. ४० टक्क्यांच्या ४५ मिलीच्या शॉटमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. ते सगळं पोटात जातंच आणि यकृत ते आपल्याच गतीने निपटतं. खाराने ती गती वाढत नाही. पोटभर जेवलं असेल तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं, हे खरं. पण खार म्हणजे व्हिनेगर, मीठ, शेपू आणि लसणाचं पाणी. त्याने पोट कसं भरणार? फरक पडतो तो तोंडात. मिरचीची आग ज्या संवेदकांमुळे जाणवते, तेच अल्कोहोलनेही चेततात. त्यावर थंडगार, आंबट-खारट घोट आला की जळजळ दबते आणि लसणाचा वास वर येतो. मजा हीच. पण घसा जळेनासा झाला की पुढचा शॉट लवकर मागवला जातो.

आता हँगओव्हर. दारूने लघवी वाढते, शरीरातलं पाणी जातं, आणि खारातून थोडं मीठ-पाणी परत मिळतं, इथपर्यंत ठीक. पण मोडलेली झोप, चाळवलेलं पोट, शरीरातला दाह यांवर त्याचा काय इलाज? पुरावा म्हणून २०१० चा एक अमेरिकन प्रयोग पुढे केला जातो. त्यात विजेच्या झटक्याने पायात गोळा आणून खार पाजला होता. सरासरी दीड मिनिटाच्या आत गोळा गेला, म्हणजे खार रक्तात मिसळण्याआधीच. हा घशातून सुरू होणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचा परिणाम असावा, असं संशोधकांचं म्हणणं. त्यात दारूचा थेंबही नव्हता.

आणि ज्यांना बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलंय, त्यांना हा खार 'तब्येतीला चांगला' म्हणून कृपया पाजू नका.