शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश? थांबा जरा

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर कायम फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: शेपूट हलते म्हणजे कुत्रा आनंदी. त्याला रोज घट्ट मिठी मारा. चुकला की तिथल्या तिथे ओरडा, मान खाली घालतो म्हणजे त्याला चूक कळलेली असते. बागडायला अंगण द्या, एकटा वाटला तर जोडीला दुसरा कुत्रा आणा आणि चेंडू फेकून चांगला दमवा. एवढं केलंत की तुमच्या कुत्र्याइतका सुखी कुत्रा नाही.

हा मजकूर पाठवणारे कुत्र्यांवर जीव टाकणारेच असतात, त्यात शंका नाही. पण यातली जवळपास प्रत्येक ओळ आपल्याला काय द्यायला आवडतं ते सांगते. कुत्र्याला काय हवंय, हे कुणी त्याला विचारलेलंच नाही. आणि विचारता येतं बरं का.

आधी शेपूट. ती हलताना दिसली तर कुत्रा उत्तेजित झालाय, एवढंच खात्रीने म्हणता येतं. ती उत्तेजना आनंदाची असेल, घाबरल्याची असेल किंवा ‘आणखी पुढे आलास तर बघ’ अशीही असेल. शेपूट सैल, कंबरेसकट अख्खं मागचं अंग डुलतंय, तोंड उघडं, डोळे मऊ: हा खूश आहे. शेपूट ताठ उभी, नुसतं टोक भरभर थरथरतंय, तोंड मिटलेलं आणि नजर रोखलेली: इथे हात पुढे करू नका. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांची शेपूट व्हिडिओवर मोजली. मालक दिसल्यावर ती उजवीकडे जास्त झुकत होती आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हा फरक चालता-चालता डोळ्यांनी टिपण्याजोगा नाही, तेव्हा उजवं-डावं मोजत बसू नका. पण एकच शेपूट दोन विरुद्ध गोष्टी सांगू शकते, हे त्यातून पुरेसं कळतं.

मिठीचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण इथे माणसं दुखावतात. मिठी ही माकडांची आणि माणसांची रीत. कुत्र्याच्या गळ्याभोवती हात आवळले की त्याची निसटायची वाट बंद होते. कुत्र्याला कवटाळलेले फोटो नीट बघा. माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतोय आणि कुत्र्याने तोंड दुसरीकडे वळवलंय, कान मागे पाडलेत, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसतोय, जीभ नाकावरून फिरतेय. काही कुत्री हे मायेपोटी चालवून घेतात, काहींना आवडतही असेल. पण लहान मुलांना कुत्रा चावतो तेव्हा बरेचदा चेहऱ्यावरच चावतो, आणि मुलं कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेतात हे त्याचं एक कारण आहे.

याचा अर्थ हात लावू नका असा मुळीच नाही. एरिका फॉयरबाकर आणि क्लाइव्ह विन या संशोधकांनी २०१५ मध्ये कुत्र्यांना निवड दिली: एक माणूस कुरवाळणारा, दुसरा तोंडाने नुसतं कौतुक करणारा. कुत्री कुरवाळणाऱ्याकडे गेली आणि कंटाळल्याची चिन्हं काही दिसेनात. घरी करण्याजोगी परीक्षा तर फारच सोपी आहे. छातीवर किंवा मानेखाली तीन-चार सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो अंग रेलून आणखी मागतो, तर चालू ठेवा. जागचा हलला नाही, जांभई दिली किंवा अंग झटकून निघून गेला, तर आज नको, असं त्याने सांगितलंय.

‘मान खाली घालतो म्हणजे चूक कळते’ हे वाक्य तर आता निवृत्त व्हायला हवं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकाने ‘खायचं नाही’ असं बजावून खाऊ ठेवला आणि तो खोलीबाहेर गेला. तो परतल्यावर काही वेळा त्याला ‘कुत्र्याने खाऊ खाल्ला’ असं खोटंच सांगितलं गेलं, म्हणजे तो कुत्र्याला ओरडेल. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लंय की नाही यावर नाही, तर मालक ओरडतोय की नाही यावर ठरत होता. न खाता ओरडा खाणाऱ्यांचा चेहरा तर जास्तच पडत होता. म्हणजे आपण जे बघतो ती भीती असते आणि तिलाच आपण पश्चात्ताप समजतो.

अंगण? मोकळं सोडलेला कुत्रा दोन फेऱ्या मारतो आणि दाराशी येऊन बसतो. दुसरा कुत्रा? तुम्ही बाहेर पडल्यावर हा रडत असेल, तर त्याला बहुधा तुमचीच उणीव भासतेय. नवा भिडू आणल्याने ती भरून निघेलच असं नाही, उलट घरात रडणारे दोघे व्हायचे.

राहिला चेंडू. थोडा वेळ फेकायला काहीच हरकत नाही. पण तासभर तेच करून पायांवर ताण येतो आणि काही कुत्री दमण्याऐवजी आणखी पेटतात, घरी आल्यावर बसायलाच तयार नसतात. दमवणं हे ध्येयच चुकीचं आहे. स्वीडनमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना स्वतः एक उपकरण चालवून बक्षीस मिळवायचं होतं, काहींना तेच बक्षीस काही न करता मिळत होतं. स्वतः मिळवणारी शेपूट जास्त हलवत होती आणि त्या जागेकडे उत्साहाने जात होती. फुकट मिळवणारी पुढे-पुढे तिथे जायलाच नाखूश झाली.

आणि कुत्र्याला स्वतः करण्यासारखं सर्वांत आवडीचं काम म्हणजे वास घेणं. रस्त्यातल्या खांबाशी तो थांबतो तेव्हा जरा वाकून बघा. नाकपुड्या सेकंदाला पाचेक वेळा फुलतात आणि श्वास बाहेर सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून मागे जाते, म्हणजे समोरून येणारा वास विस्कटत नाही. कोण येऊन गेलं, किती वेळापूर्वी, नर की मादी, हे सगळं तिथे असतं. नेमकं त्याच वेळी आपण ‘चल रे’ म्हणत पट्टा खेचतो. २०१९ मध्ये शार्लोत द्युराँतों आणि हॉरोविट्झ यांनी काही कुत्र्यांकडून दोन आठवडे हुंगून खाऊ शोधण्याचा सराव करून घेतला, तर काहींकडून मालकाशेजारी नीट चालण्याचा. नंतर खाऊ असेल की नाही हे नक्की सांगता येणार नाही अशा ठिकाणी एक भांडं ठेवलं, तर हुंगणारी पूर्वीपेक्षा लवकर तिकडे जाऊ लागली. म्हणजे ती जास्त आशावादी झाली होती. चालण्याचा सराव केलेल्यांत तसा फरक पडला नाही.

‘रोज इतका वेळ कुठून आणू?’ असं कुणी विचारेल. वेळ वाढवायची गरजच नाही. आहे त्याच फेरीत पट्टा लांब ठेवा, वाट त्याला ठरवू द्या, अंतर निम्मं झालं तरी चालेल. पावसापाण्यात जेवणातला थोडा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा.

मजकुरात एक गोष्ट मात्र मुळातच नाही: दुखणं. दात, कान किंवा सांधे दुखत असतील तरी कुत्री बरेचदा आवाज करत नाहीत. जिना चढताना थबकणं, अंगाला हात लावला की गुरगुरणं, आवडता खेळ अचानक सोडणं असं काही दिसलं, तर नवीन खेळणं आणण्याआधी त्याला पशुवैद्याकडे न्या.